वालावलच्या माजघरातली फ्रेंच बाई

कोकणात जाऊन समुद्र सोडून वालावलला कशाला, असं घरच्यांनी विचारलं. कारण होतं एक चित्र. माझी मैत्रीण अनघा लग्नापासून तिथे राहते. सासरच्या माजघरात अठराव्या शतकातलं एक फ्रेंच छापचित्र आहे, आजेसासऱ्यांनी गोव्याहून आणलेलं. "मला ते उतरवायचंय, पण माई ऐकत नाहीत. तू कलेचा इतिहास शिकवतेस ना, येऊन सांग त्यांना," असा तिचा फोन आला आणि मी तिकीट काढलं.

कुडाळहून वालावलला एसटी आहे, पण घाई असेल तर सरळ रिक्षा करा. सकाळी गावच्या देवळामागच्या तळ्याकाठी अर्धा तास तरी बसाच. माईंनी, म्हणजे अनघाच्या सासूबाईंनी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. भरपेट खाऊन चित्रासमोर उभी राहिले.

खुर्चीत एक बाई पुस्तक वाचतेय. चुलीवर दूध उतू जातंय, बाळ जमिनीवर रडतंय. चित्राखालच्या फ्रेंच ओळींचा अर्थ मी सांगितला: वाचनात रमणारी बाई घराला मुकते.

"बघ," अनघा म्हणाली. ती वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. "परवा लेकीने विचारलं, आई, तू वाचतेस म्हणून आपलंही घर असं होणार?"

चुलीशेजारी पाय पसरून पाइप ओढणारा नवरा मी दाखवला. भांडं त्याच्या हाताशीच होतं, पण चित्रकाराने दोष बाईच्याच माथी मारला होता.

माई जवळ येऊन हसल्या. "ह्यो बाप्यो बसलो आसा तो माका कधी दिसलोच नाय." मग हळूच म्हणाल्या, "सासू माका ह्या दाखवून धाक घाली. पण ह्या घरात निवांत बसलेली बाईमाणूस ही चित्रातली एकटीच होती गो. तिका बघूनच माका वाचूची हौस लागली."

अनघाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण माईंना वाचनाचा नाद आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. दुपारी तिनेच चित्र उतरवलं, पुसलं आणि स्वतःच्या अभ्यासाच्या टेबलावर लावलं. लेकीला म्हणाली, "यातल्या बाबाला विचार, दूध का नाही उतरवलं."

पुण्यात आल्यावर लोक किनाऱ्यांचे फोटो मागतात. माझ्याकडे एकच फोटो आहे: अनघा टिपणं काढतेय आणि शेजारी माई ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचतायत.