मामाजींच्या तासाचं मतदान

ढाणकीच्या पंचक्रोशीत लोकशाही खरोखर कुठे नांदत असेल, तर ती आमच्या मामाजींच्या स्वयंपाकघरात. वांग्याची भाजी करायची की बेसन, यावर तिथे रोज हात वर होतात. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे मी गेलो की मामाजी आधी वाकतात, पण भाजीसाठी मी हात वर केला की म्हणतात, "तू पाहुणा हायेस. पाहुण्याले मान असते, मत नसते." मामी दर वेळी अल्पमतात जाते आणि दर वेळी तिच्याच मनासारखी भाजी होते. त्याला मामाजी प्रशासन म्हणतात.

गावच्या हायस्कुलात ते नागरिकशास्त्र शिकवतात. विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, मार्कही थोडे; गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी याच तासाचा. मामाजी मात्र त्या तासाला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. पोरांना ग्रामसभेत नेऊन बसवतात, आणि सरपंचांनी "सर्वांना मंजूर?" असं विचारून पुढे सरकायचं म्हटलं की मागून यांचा हात वर. "मंजूर हाय, पण काय मंजूर हाय ते त सांगा." यांच्यापायी ग्रामसभेचा चहा दोनदा करावा लागतो.

यंदा दहावीचा तो तास गणिताला द्यायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं. मामाजींना जेवणापेक्षा तो तास प्यारा. जरा गयावया केली असती तर मुख्याध्यापकांनी ऐकलंही असतं, पण मामाजी म्हणाले, "तास पोट्ट्यायचा हाय. त्यायलेच इचारू." वर्गात गुप्त मतदान झालं. पुठ्ठ्याचा आडोसा, बोटाला शाई, सगळं रीतसर. मोजणीत मामाजींच्या बाजूने एकही चिठ्ठी निघाली नाही. त्यांनी निकाल खणखणीत आवाजात वाचला, खडू गणिताच्या सरांच्या हाती दिला आणि वर्गाबाहेर पडले.

हे ऐकून मला त्या पोरांचा फार राग आला. परतीच्या गाडीसाठी फाट्यावर उभा होतो, तिथे त्याच वर्गातली एक मुलगी भेटली. मी विचारलंच. ती रडवेली झाली. "मले वाटलं, बाकीचे सारे सरायलेच देतीन. सरायचा तास कायले जाईन? म्हणून म्या गणिताले देल्लं. आता सारेच तसं म्हणून राह्यले."

मी गाडी सोडली आणि घरी येऊन मामाजींना ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "हेच शिकवाचं राहून गेलं रे. आता तास कुठून आणू?"