पिंजाऱ्याच्या घरी मूल नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझी विडीसुद्धा लपून राहत नाही. आजच का सांगतोय? काल गादी पिंजून आली — म्हणून असेल.

मुरगुडाकडची माणसं मला भला मास्तर समजतात. समजोत बापडी. कोल्हापूरच्या महाराजांनी शाळा सक्तीची केली, तेव्हा मी तिथल्या एका वाडीवर नवाकोरा मास्तर होतो. फी माफ. गरिबाच्या मुलाला पाटी-पुस्तक आणि अंगावरचे कपडे दरबारातून. पोर हुशार निघालं, तर पुढं कोल्हापुरात राहून शिकायची सोय. फक्त नाव यादीत हवं. आणि यादी करायची मी, घरोघर फिरून.

त्याच दिवसांत तिकडं जर्मनाशी लढाई चाललेली. वाडीत आवई उठली, की मास्तर पोरं लिहून नेतो ती लढाईवर धाडायला. आयाबाया पोरं कणगीत लपवायच्या. मी घसा बसेपर्यंत समजावत फिरलो. खरंच फिरलो — एक घर सोडून.

ते घर रहिमाबी पिंजारणीचं. नवरा वारलेला, भाऊ पलटणीत गेलेला. मी दारात उभा राहिलो, तर आत कापसाच्या ढिगातून दोन डोळे माझ्याकडं बघत होते. तिचा दस्तगीर, सात-आठ वर्षांचा. बिचाऱ्याला नेमकी शिंक आली.

ती माझ्या पायाशी वाकली. "मास्तर, माज्या पोराला नगा लिवू. भाऊ लामावर गेल्ता, लढाईला, त्यो आला न्हाय. ह्यो एवढाच हाय की मला."

एक वाक्य पुरलं असतं. बाई, ही यादी शाळेची, लढाईची नव्हे. मग का नाही बोललो? दया आली म्हणून? छे! पिंजारी सुगी सरली की गावोगाव फिरतात. पोरगा चार-चार महिने गैरहजर राहिला असता, माझ्या शाळेची हजेरी घसरली असती, आणि तपासणीच्या साहेबांनी मला फैलावर घेतलं असतं. एवढंच होतं — सांगतानाही लाज वाटते.

"बरं, नाही लिहीत," म्हणालो. वर उपकार केल्यासारखा चेहरा. आणि यादीत लिहिलं — मूल नाही.

त्या वर्षी हजेरीबद्दल मला शाबासकी मिळाली. रहिमाबी मात्र दर ईदला माझ्यासाठी शिरखुर्मा आणायची, अगदी मरेपर्यंत. मी तो खायचो. गोड लागायचा, खोटं कशाला बोलू?

दस्तगीर आता दोन पोरांचा बाप आहे. माझ्या गादीचे पैसे तो कधी घेत नाही. काल गादी टाकून झाल्यावर त्यानं कमरेचा एक कागद काढला, घराच्या जागेचा. वाचून दाखवा म्हणाला. मी वाचला. खाली त्याची सही हवी होती. त्याच्या अंगठ्याला शाई मीच लावली, अंगठा धरून कागदावर मीच टेकवला.

"तुमी नसता, मास्तर, तर आज मी बी नसतो," तो म्हणाला. आईनं त्याला तसंच सांगून ठेवलं होतं.

ते एक वाक्य कालही बोलता आलं असतं. मी त्याला अंगठा पुसायला फडकं दिलं.