मोहाची ढोली

लातूरला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. मुलं हुशार आहेत. पेशीच्या पोटात काय काय असतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण खिडकीबाहेर तारेवर बसलेलं पाखरू कोणतं म्हणून विचारलं, की "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?" असं विचारतात. पूर्वी मला राग यायचा. आता मीच सांगून टाकते, नाही रे बाबांनो, सिलॅबसमध्ये नाही, पान उलटा.

माझं माहेर किनवट तालुक्यात. आमच्या शेताचा वरचा बांध संपला की सागाचं जंगल सुरू होतं. त्या बांधावर एक जुनं मोहाचं झाड आहे. शेजारपाजारच्या सगळ्यांनी आपापल्या बांधावरची झाडं विकून टाकली, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या मोहाला कधी कुऱ्हाड लागू दिली नाही. खोडात बरंच वर एक ढोली आहे. शिडी लावल्याशिवाय तिथं हात पोचत नाही.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा भर दुपारी त्या मोहाच्या वाळक्या फांदीवर मला एक लहानसं घुबड दिसलं. यात तसं नवल काही नाही. साधा पिंगळा आमच्या गावात घरोघरच्या आढ्यांत राहतो आणि दिवसाही कधीकधी बाहेर येऊन बसतो, पेंगत. पण हे पेंगत नव्हतं. शेपटी इकडून तिकडे झटकत खाली पाहत होतं, मध्येच गवतात झेप घेऊन पुन्हा फांदीवर येत होतं. भर उन्हात ते आपल्या कामाला लागलेलं होतं. मी दुर्बीण आणायला घराकडे धावले.

कारण दिवसा शिकार करणारा, सागाच्या उघड्या रानात राहणारा, मोठ्या डोक्याचा असा एक पिंगळा आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. शंभरावर वर्षं तो कुणाला दिसलाच नव्हता. संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. मग नंदुरबारकडच्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज तो मोजक्याच जंगलांत उरलाय. त्याला जुनी, पोकळ झालेली झाडं लागतात, आणि नेमकी तीच आपण आधी तोडतो. आमच्या बाजूला तो असल्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

खात्री करायची तर डोकं नीट दिसायला हवं होतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच. याच्या छातीवर तपकिरी पट्टा असतो आणि त्याखाली पोट स्वच्छ पांढरं. माझ्या जुन्या दुर्बिणीतून एवढं कळेना. खात्रीशिवाय बोलले असते तर लोक हसले असते, आणि दिवाळीत लक्ष्मीच्या नावानं बळी द्यायला घुबडं शोधत फिरणारे महाभाग आमच्याकडेही कमी नाहीत. म्हणून मी अण्णांना इतकंच म्हणाले, "त्या ढोलीतल्या घुबडाला कुणी त्रास देऊ नये, एवढं बघा. आणि गावात बोलू नका."

अण्णा हसले. "आपण कशाला त्रास देऊन राहिलो त्याला? घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत नेऊन घासतं म्हणतात. दगड झिजला की माणूसबी झिजला. मला अजून जगायचं हाय."

संक्रांत झाल्यावर मी पुन्हा गेले. या वेळी एका सहकाऱ्याचा लांब लेन्सचा कॅमेरा मागून आणला होता. नांदेडहून निघालेल्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसले होते. आज त्या डोक्याचा फोटो मिळाला की नक्की काय ते कळेल, मग वनखात्याला कळवायचं, मग या रानाकडे कुणीतरी नीट बघेल, असं सगळं मी मनात रचत होते. चहासुद्धा न घेता अण्णांना घेऊन थेट शेतात गेले.

लांबूनच मोहाच्या बुंध्याभोवती नवा पार दिसला. खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले होते. अण्णांची हौस बघून मला बरं वाटलं. मग मी वर पाहिलं.

ढोली नव्हती. ती होती त्या जागी सिमेंटचा नवा, करडा, गुळगुळीत गोळा होता. गवंड्यानं थापीच्या टोकानं त्यावर 'श्री' काढला होता.

अण्णा शेजारी उभे होते आणि खुशीत सांगत होते, "कसं झालं? विष्णुपुरीकडं गेलतो तवा एका वडाच्या ढोलीत असंच सिमेंट भरल्यालं बघितलं. झाड टिकतं म्हणे. न्हाईतर वादळात ढोलीपाशीच मोडतं. तुझा लई जीव हाय ना या झाडावर? म्हणलं, तू यायच्या आत करून ठेवावं. कालच झालं."

मी ओरडले. वडिलांवर मी कधी ओरडले नव्हते. "अण्णा, आत पाखरू होतं!"

"आगं माय, हळू. मी काय येडा हाय का?" ते शांतपणे म्हणाले. "गवंडी दुपारीच आलता. म्या हात लावू दिला न्हाई. म्हणलं, घुबड हाय, दिवसभर आत झोपून असतं. दिवस मावळला की कामाला निघतं. माल वाळून राहिला म्हणून गवंडी कुरकुरला, तरी म्या बसवून ठेवला त्याला. दिवेलागणीला घुबड आलं बाहेर, गेलं उडून. माझ्या डोळ्यांनी बघितलं. मगच शिडी लावली. त्याला काय, रात्रभरात दुसरी ढोली सापडली असंल."

घुबडाबद्दल जे अख्खं गाव जाणतं, तेच अण्णा जाणत होते, आणि त्या जाणण्याला धरून त्यांनी होईल तेवढी दया केली होती. फक्त हे घुबड गावाला ठाऊक असलेल्यांपैकी नव्हतं. ती त्याची कामाला निघायची वेळ नव्हती, दिवसाचं काम उरकायची वेळ होती. आणि या दिवसांत मादी अंड्यांवर बसलेली असू शकते, तेव्हा खाणं आणून देतो तो नर. अण्णांनी पाहिलं ते तिला भरवून निघालेल्या नराला.

हे सगळं अण्णांना कसं सांगावं ते मला कळेना. पण सांगावं लागलंच नाही. सागाच्या बाजूनं तो आला. डोक्यावर लख्ख ऊन होतं आणि त्याच्या चोचीत सरडा लोंबत होता. तो सिमेंटवर आदळला, पंख फडफडवून मागं सरला, फांदीवर बसला. मग परत आला. नखं सिमेंटवर खरखर वाजली.

"हे दिवसा कसं काय?" अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, आवाज बदलून, "आत अजून कुणी हाय का गं?"

"मादी असेल."

अण्णा शेतातल्या खोपीतून छन्नी, हातोडा आणि शिडी घेऊन आले. गुडघे दुखतात म्हणून ते घराच्या पायऱ्यासुद्धा धरून चढतात. मी चढते म्हणाले, तर मला नुसतं हातानं बाजूला केलं. मी खाली शिडी धरून उभी राहिले. वरचा थर कडक झाला होता, आतला माल अजून ओला होता. सिमेंटचे आणि आत भरलेल्या विटांचे तुकडे माझ्या पायाशी पडत राहिले. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, आणि मी देवाला विनवणाऱ्यातली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात आत घातला आणि तसाच ठेवला. मग चार पायऱ्या उतरून तिला माझ्याकडे दिलं.

ती गार होती. पंखांना सिमेंट लागलं होतं. मी ओढणीनं डोकं पुसलं. एकही ठिपका नाही. छातीवर तपकिरी पट्टा, खाली पांढरंशुभ्र पोट, जाड पाय. रानपिंगळाच. दिवाळीपासून मी ज्या खात्रीसाठी झुरत होते ती खात्री माझ्या तळहातावर होती. आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर मला आनंद झाला.

अण्णांनी दोन अंडी खाली आणली. एक चेपलं होतं. दुसरं त्यांनी मुठीत धरून तोंडाजवळ नेलं आणि त्यावर गरम श्वास सोडला.

"घरी कोंबडी खुडूक बसलीय. तिच्याखाली ठिवू का?"

"रात्रभर गारठलंय, अण्णा. नाही जगणार."

तरी त्यांनी ते मुठीतून सोडलं नाही. आम्ही पाराच्या पलीकडच्या कडेला जाऊन बसलो तसा नर फांदीवरून उतरला आणि उघड्या ढोलीत शिरला. बाहेर आला तेव्हा सरडा त्याच्या चोचीतच होता. तो पुन्हा आत गेला. मला ते बघवेना, आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याला माझा हात लागेना.

मला अण्णांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघितलं की तो राग जागेवर राहत नव्हता. मी ओढणी पसरली आणि तिला त्यात गुंडाळायला लागले. बांधाच्या कडेला खड्डा खणावा, पुरून टाकावं आणि विषय संपवावा, असं मी ठरवलं होतं. असं पाखरू मारणं गुन्हा आहे, हा कायदा मला ठाऊक होता. वनखात्याला कळवलं तर हे रान वाचेल कदाचित, तो नर इथं आहे हे कुणालातरी कळेल. पण पहिला प्रश्न येईल, ढोली कुणी बुजवली? अण्णांना या वयात किनवटच्या कचेरीत बाकड्यावर बसवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

"काय करून राहिली?" अण्णांनी विचारलं.

"पुरते."

"लई दुर्मिळ हाय का हे?"

"हो."

"किती?"

मी त्यांना शंभर वर्षांची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली, अंडं मुठीत धरून. नंतर त्यांनी वर नराकडे पाहिलं.

"मग पुरू नको," ते म्हणाले. "कळव त्यांना. तो एकला राहिलाय, त्याचं कुणीतरी बघाया पाहिजे. कुणी केलं विचारलं तर माझं नाव सांग. गवंड्याचं सांगू नको, त्याला म्याच आणला."

मी वनखात्याला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती. अण्णा पारावरून उठले, धोतराची धूळ झटकली आणि टोपी नीट करून उभे राहिले.