आधी सांग, मग बघ

जयसिंगपूरच्या आमच्या कॉलेजात मी वर्गावर निघाले होते, हातात खडू आणि हजेरीपट, तेवढ्यात आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे शैलाक्काचे यजमान. ते स्वतः होऊन कधी फोन करत नसत. आक्काच फोन लावायची आणि बोलून झालं की बळेबळे त्यांच्या हातात द्यायची. त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव दिसताच मला कळायचं ते कळलं. "पोरी, आक्का गेली गं," एवढंच ते म्हणाले. मागे गोठ्यात म्हैस हंबरत होती, कुणीतरी कुणालातरी सतरंजी अंथरायला सांगत होतं. "मी येते आण्णा," म्हणाले आणि तशीच बाहेर पडून हातकणंगल्याची एसटी धरली. खिडकीतून उसाला आलेले तुरे दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले ते नेमबाजीच्या रेंजवर वाऱ्याची झेंडी बघावी तसं, वारा कुठून कुठे वाहतोय ते बघत. ही सवय मला आक्कानेच लावली होती. असल्या वेळीही डोळे वारा मोजतायत हे लक्षात आलं आणि मग मात्र रडू आवरलं नाही.

शैलजा मगदूम हे नाव फारसं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. हातकणंगल्याजवळच्या एका गावात तिची शेती होती, चार म्हशी होत्या, पाहुण्यारावळ्यांनी भरलेलं जैनाचं घर होतं. दिवस मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळून घेणारी, अंगणात मुंगी चिरडू नये म्हणून बघून पाऊल टाकणारी ही बाई रायफल चालवायची. कोल्हापूरच्या रेंजवर कुणीतरी एकदा तिला त्यावरून छेडलं, तेव्हा तिने जाड जॅकेटचे पट्टे आवळता आवळता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "पावणं, कागदाला जीव असतोय व्हय?"

ती रेंजवर आली तीच मुळात दुसऱ्या कुणासाठी. भाचीला नेमबाजीचं वेड लागलं होतं. तिला दर रविवारी गावाहून घेऊन यायचं काम आक्काकडे. पोरगी आत सराव करायची आणि आक्का मागच्या बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत बघत राहायची. काही महिन्यांत भाचीचं वेड उतरलं. पुढच्या रविवारी आक्का एकटीच दारात उभी. रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "भाची कुठाय?" तर म्हणाली, "ती न्हाय येत आता. मी आलो की." आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःविषयी 'मी आलो, मी बघतो' असंच बोलायची, स्पर्धांना भेटणाऱ्या पुण्याच्या मुली हसायच्या. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. मी नुकती कॉलेजात गेले होते. सरांनी तिला माझ्या शेजारची चटई दिली, आणि पुढची कितीतरी वर्षं माझ्या डाव्या हाताला तीच होती.

आमचा प्रकार पालथं झोपून मारायचा, पन्नास मीटरवर. त्या अंतरावर गोळीचं भोक मसुरीच्या दाण्यापेक्षा फार मोठं दिसत नाही, आणि काळ्या वर्तुळात पडलं तर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून प्रत्येक नेमबाजाच्या बाजूला तीन पायांच्या तिकाटण्यावर एक दुर्बीण असते. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. गोळी मारायची, मान किंचित वळवायची, भोक कुठे पडलं ते बघायचं, त्याप्रमाणे पुढची मारायची. आमच्या रेंजवर मात्र सगळ्यांत मिळून एकच स्कोप होता, तोही म्हातारा, आत बुरशी धरलेला. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मग चटईवरून उठायचं, बघायचं, परत येऊन झोपायचं. तोवर जमलेली बैठक मोडून जायची. आक्का वैतागली. "पोरी, आपन दोघींत मिळून एक घेऊ," म्हणाली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी लगेच मोबाइलवर शोधून चकचकीत, साठ पट मोठं दाखवणारा एक स्कोप काढला. तो आमच्या आवाक्यातही होता, ह्याचं मला कोण कौतुक! आक्काने चित्र बघितलं आणि विचारलं, "ह्यातनं बघितलंयस तू?" मी म्हटलं, नाही. "मग?" ती म्हणाली.

त्यानंतरचे दोनतीन महिने ही बाई हातात येईल त्या दुर्बिणीतून बघत सुटली. पिशवीत कायम भोकं पडलेलं एक जुनं टार्गेट. कोल्हापुरातल्या एका दुकानात ती आणि मी गेलो, दुकानदाराने काचेच्या कपाटातून तो साठ पटवाला काढला आणि दुकानातूनच समोरची पाटी वाचून दाखवायला लागला. आक्का म्हणाली, "पावणं, पाटी आमी वाचतोय तशी बी. भाईर काढा, उनात." भर दुपारची वेळ. तिने मला टार्गेट देऊन रस्त्याच्या पार त्या टोकाला पिटाळलं. एका बंद शटरवर मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि ह्या टोकाला आक्का फुटपाथवर बसकण मारून स्कोपला डोळा लावून बसली. मधून रिक्षा जातायत, एक मिसळवाला काम सोडून बघायला आलाय, कुणी विचारतंय मोजणी चाललीय काय... आणि आक्का लांबून ओरडतेय, "हलू नगंस! टेकवून धर जरा!"

मग तिने मला बोलावून बघायला लावलं. साठ पटीवर चित्र अंधारलेलं होतं, आणि तापलेल्या रस्त्यावरच्या हवेने सगळं टार्गेट पाण्यात पडल्यासारखं थरथरत होतं. भोक कुठलं आणि काळा डाग कुठला, काही कळेना. आक्काने कडी फिरवून वीसवर आणली. चित्र लहान झालं, पण उजळलं, आणि एकेक भोक सुटं दिसायला लागलं. "बघ," ती म्हणाली, "मोठं दिसून काय उपेग? सपष्ट दिसाय पायजे." दुकानदार हसला, त्याने स्वतः बघितलं, आणि हसायचा थांबला. आम्ही त्या दिवशी काही घेतलं नाही, तरी त्याने आम्हाला उसाचा रस पाजला.

आक्काला काय हवंय ते तिला हळूहळू, बघून बघून कळत गेलं. डोळ्याची नळी सरळ नको, वर वळलेली हवी, म्हणजे पालथं झोपल्यावर मान उचलावी लागत नाही. चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, "चष्मा काढाय लागला तर गोळी मारताना परत शोधत बसू व्हय?" तिकाटणं बुटकं आणि जड हवं, कारण भिंग कितीही चांगलं असलं तरी पाय लटपटत असतील तर सगळं वाया. आणि पुढचं भिंग बेताचं मोठं, उजेड येण्यापुरतं. शेवटी रंकाळ्यावर पक्षी बघायला येणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरांशी तिने ओळख काढली. ते नवा स्कोप घेणार होते, जुना पडून राहणार होता. तळ्याच्या काठाने टार्गेट लावून, सकाळी एकदा आणि कलत्या उन्हात एकदा तपासून, तिने तो ठरवला. अंगावर ओरखडे, रंग गेलेला, पण भिंग निर्मळ. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी घेताना एवढं बघितलं नव्हतं." आक्का म्हणाली, "तुमचे पक्षी उडून जात्यात, बघायला यळ कुठं मिळतोय? आमचा कागद बसून असतोय की."

स्कोप आला आणि मला वाटलं आता झालं, आता बघायचं आणि मारायचं. आक्काने पहिल्याच दिवशी त्याच्यावर हात ठेवला. "आधी सांग, मग बघ," म्हणाली. म्हणजे गोळी सुटल्यावर ती कुठे लागली असेल ते आधी तोंडाने सांगायचं. नऊ गुण, घड्याळात तीनच्या बाजूला. किंवा दहा, मध्यावर. आणि मगच स्कोपमध्ये डोळा घालायचा. ही गोष्ट सरांनी आम्हाला सगळ्यांना शिकवली होती, आणि आम्ही सगळ्यांनी ती सोडून दिली होती. कारण आपण सांगतो एक आणि भोक दिसतं भलतीकडेच, ही फजिती रोज कोण करून घेणार? आक्काने ती करून घेतली. मोठ्याने सांगायची, चुकायची, मोठ्याने हसायची. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. आणि मग तिचं बरोबर यायला लागलं. गोळी सुटतानाच्या त्या क्षणात नळीच्या टोकावरची नेमाची माशी कुठे होती, बोट कसं दबलं, खांदा किती हलला, हे सगळं तिच्या अंगाला कळायला लागलं होतं. मी माझा सराव थांबवून तिचं सांगणं ऐकत राहायचे. ती पुटपुटायची, मी स्कोपमधून बघायचे, आणि भोक तिथेच असायचं.

राज्य स्पर्धेतला तो दिवस तर मी कधीच विसरणार नाही. त्या वर्षी आक्काला राज्याच्या संघात जायची संधी होती. पुढे मिळेल याची खात्री नव्हती. साखरेचा त्रास सुरू झाला होता, पाठ दुखायची. माझी पाळी आधी होऊन गेली होती, मी मागच्या कठड्यापाशी उभी होते. वारा वाईट होता, मध्येच पडायचा, मध्येच झपकन यायचा. आक्काच्या सरावाच्या गोळ्या झाल्या, मोजणीच्या, म्हणजे गुण धरायच्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि शेजारच्या जागेवर काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. विदर्भातून आलेली एक मुलगी होती, विशीतली. तिचं तिकाटणं वाऱ्याने आडवं झालं होतं आणि स्कोपचं पुढचं भिंग फरशीवर आपटून फुटलं होतं. ती चटईवर उठून बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. वारा पडायची वाट बघत थांबल्यामुळे तिची सरावाची एकही गोळी अजून झाली नव्हती. रायफल कुठे मारतेय हे कळल्याशिवाय ती सुरुवातच करू शकत नव्हती.

आक्काने रायफल खाली ठेवली, हात वर केला. पंच आले. काय बोलणं झालं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही, नंतर त्या पंचांनीच सांगितलं. आक्काने विचारलं होतं, "माझी दुर्बीण हिला दिली तर चालतंय का?" ते म्हणाले, नियमाची आडकाठी नाही, पण तुमची मोजणी चालू आहे, तुमचं काय? तर आक्का म्हणाली, "माझं बघून झालंय."

तिने आपल्या हाताने स्कोप सरकवून मुलीच्या बाजूला लावून दिला, तिच्या पाठीवर थोपटलं, परत आपल्या जागेवर आडवी झाली. आणि उरलेला सगळा सामना ती एकदाही न बघता खेळली. मला मागून तिची फक्त पाठ दिसत होती. झेंड्यांकडे बघायची, वारा जायची वाट बघायची, गोळी मारायची. मग ओठ हलायचे. मान वळायची नाही. आजूबाजूला सगळ्यांच्या माना गोळीगणिक स्कोपकडे वळत होत्या, आणि त्या रांगेत एक बाई समोरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत पडून होती, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतंच. माझ्या शेजारी उभे असलेले एक जुने नेमबाज हळू आवाजात म्हणाले, "ही काय करतेय?"

सामना संपल्यावर, निकाल लागायच्या आधी, तिने मला बाजूला घेऊन सगळ्या गोळ्या सांगितल्या. कुठल्या चांगल्या, कुठल्या दोन वाऱ्याने खाल्ल्या, कुठली एक घाईत गेली. टार्गेटं मोजून आली तेव्हा आम्ही ताडून बघितलं. तिने सांगितलं होतं तसंच होतं सगळं; फक्त घाईतली म्हणून नावं ठेवलेली ती एक गोळी प्रत्यक्षात दहात होती. "वारं पावलं," आक्का म्हणाली. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला सामना ठरला. संघात तिचं नाव आलं, शेवटचं का होईना. त्या मुलीचं आलं नाही, पण तिने सामना पुरा केला होता. स्कोप परत द्यायला आली आणि बोलता येईना म्हणून नुसती आक्काच्या गळ्यात पडली. राष्ट्रीय स्पर्धेत आक्का पार मागे राहिली. परत आल्यावर तिने स्वतःच रेंजच्या दारातून ओरडून सांगितलं, "लई मागं आलोय! पेढं न्हाईत!"

मग आजार वाढला. मूत्रपिंडं थकली. डायलिसिससाठी तिला कोल्हापूरला आणावं लागायचं, आणि अंगात थोडं बळ असलं की ती गाडी रेंजकडे वळवायला लावायची. रायफल उचलणं संपलं होतं. मागे खुर्चीत शाल घेऊन बसायची. नव्या मुलामुलींच्या खांद्यांकडे बघून, स्कोपला डोळा न लावता, "खाली गेली बघ तुजी" म्हणायची, आणि पोरं बघून चकित होऊन मागे वळायची. आमच्याही रेंजवर आता गोळी लागली की बाजूच्या पडद्यावर आपोआप उमटते. आक्काला त्याचा राग नव्हता. एवढंच म्हणायची, "पडदा आधी झाका की रं. आधी सांगा."

आक्का गेल्यानंतर, परवाच्या रविवारी आण्णा रेंजवर आले. लग्नाला एवढी वर्षं झाली, आक्का इतकी वर्षं इथे येत होती, पण ते आत कधी आले नव्हते. बंदुकीच्या आवाजाने छातीत धडधडतं म्हणायचे. धोतर, टोपी, हातात छत्री. मला म्हणाले, "ती कुठं झोपत होती ते दाव." मी डावीकडची जागा दाखवली. सरांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं, रायफली खाली ठेवल्या गेल्या. आण्णांनी चपला काढल्या, छत्री माझ्याकडे दिली, आणि गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू, त्या चटईवर पालथे झोपले. कोपरं टेकवली. हनुवटी हातांवर ठेवून समोर बघत राहिले.

"आण्णा, दिसतंय का काही?" मी वाकून विचारलं.

"न्हाय गं," ते म्हणाले. "पण लई शांत हाय हितं." आणि थोड्या वेळाने, समोरून नजर न काढता, "पडू दे मला जरा."