सुजीची फाईल

सुजीला जाऊन आठ महिने झाले. भेटायला आलेल्या सगळ्यांशी मी तिच्याविषयी बोलले — फक्त ही एक गोष्ट सोडून. ती आईला ठाऊक नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

सुजी माझी धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. एकदा ऐकलेलं कधी विसरायची नाही, पण वाचता यायचं नाही. छापलेली अक्षरं हलतात, म्हणायची. शाळेनं तिला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवलं. सातवीनंतर ती घरीच बसली. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून आमच्या उचगावाबाहेर एकटी कधी जात नसे. घरातली वाचणारी मी. पत्र, पेपर, लग्नपत्रिका — सगळं माझ्या हाती यायचं, आणि सुजी माझ्या गुडघ्याला टेकून ऐकायची. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा कुठं माहीत होतं?

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या वडिलांना, आण्णांना, त्यांच्या कारखान्यातून एक जुना कंप्युटर मिळाला. माझ्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी तो घरी आणला. आईनं साडीच्या तुकड्याचं त्याला झाकण शिवलं. मी कॉलेजात गेले की सुजी त्याच्यापुढं बसायची. कुणी शिकवलं नाही. कोणत्या बटणानं कोणतं अक्षर उमटतं ते तिनं जागेवरून पाठ केलं. अक्षर बोटाएवढं मोठं करायची, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचं अक्षर. एका संध्याकाळी मी घरी आले तर पडद्यावर ‘गगनबावडा’ लिहिलेलं होतं. खाली पन्हाळा. बसच्या पाट्या. आणि ती त्या मला वाचून दाखवत होती — बोट ठेवत, अडखळत, पण वाचत.

"हितं अक्षरं गप बसत्यात, आक्का," ती म्हणाली.

आण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजारच्या काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता तुझं काम गेलं की गं, शिकल्याली." सगळे हसले. मीही हसले.

इथं थांबावंसं वाटतं. थांबत नाही.

दोनेक आठवड्यांनी कंप्युटर सुरूच होईना. कुणी काय केलं, असं आण्णांनी विचारलं. मी म्हणाले, सुजी दिवसभर बटणं दाबत असते. एवढंच. हे खोटं होतं का? शब्दाशब्दानं बघितलं तर नव्हतं — पण आदल्या दिवशी मैत्रिणीची फ्लॉपी मीच त्यात घातली होती, आणि तेव्हापासूनच तो अडत होता. सुजी रडली नाही. दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभी राहिली.

कंप्युटरचा डबा मीच रिक्षानं शहरात राजारामपुरीत दुरुस्तीला नेला. धाकटी बहीण बटणं दाबते, हे तिथंही सांगितलं. दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडं वर बघितलंही नाही. "बटणं दाबून काय हुतंय, ताई? व्हायरस हाय ह्यो. फ्लॉपीतनं आलाय. फ्लॉपी कुणाची?"

माझी, म्हटलं.

"मग पोरीच्या नावानं कशाला बिल फाडताय?"

त्यानं आतलं सगळं पुसून पुन्हा भरलं. सुजीनं लिहिलेल्या पाट्यांची फाईल गेली.

घरी येऊन मी काय सांगितलं? दुरुस्त झाला, म्हटलं. आण्णा म्हणाले, आता आक्काशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी पुस्तक उघडून बसले. भीती वाटली म्हणून? नाही. आण्णा मला काही बोलले नसते. तिनं वाचू नये, असं मला वाटत होतं — हे एवढं वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले.

पुढं मी ग्रंथपाल झाले. वाचन-अक्षमतेवरची पुस्तकं माझ्याच हातांनी कपाटात लावली, वाचलीही. बुद्धी चांगली असते, मोठी सुटी अक्षरं सोपी जातात, कंप्युटरची मदत होते — सुजीनं हे एकटीनं शोधलं होतं. तरी मी तिला परत त्याच्यापुढं बसवलं नाही. घरात मोबाईल आला तेव्हा ती तो माझ्यापुढं धरायची. तूच लाव, माझ्या हातानं बिघडतंय, म्हणायची. मी नंबर लावून द्यायची. गगनबावड्याला मावशीकडं निघाली की स्टँडवर जाऊन बसमध्ये बसवून द्यायची. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायची.

काविळीनं ती दवाखान्यात होती. एका दुपारी आम्ही दोघीच असताना तिनं विचारलं, "आक्का, त्या कंप्युटरचं मी नेमकं कुठलं बटण दाबलं हुतं गं?"

इतक्या वर्षांनी. आवाजात राग नव्हता. नुसतं कळावं म्हणून विचारत होती.

मी म्हटलं, आता आठवत नाही.

"व्हय, लई दिस झालं की," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

चौथ्या दिवशी ती गेली. तिचं कुठलंच बटण चुकलं नव्हतं.