उडालेली चप्पल

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हातारं म्हटलेलं चालत नाही. तरुणपणी मोहोळ तालुक्यातल्या जत्रांमधून त्यांनी कुस्त्या मारल्या. आता सोलापुरात राहायला आले, नातवंडं झाली, तरी अंगातला पैलवान काही जात नाही. मोहोळहून येताना गतिरोधकावर ते मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून पडले, तेव्हाही धूळ झटकून घरी आले. मान अवघडली होती. ती तालमीत जाऊन चोळून घेतली आणि विषय संपवला.

पुढे चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल निसटायला लागली. निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मी मागून उचलून आणायची. सदऱ्याची बटणं लावतानाही बोटं चाचपडायची. "गुडघं झिजल्यात," असं निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं. आई रोज कोमट तेल चोळायची आणि वर बोलणी खायची. शेवटी मीच चिडले आणि त्यांना सात रस्ता चौकाजवळच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी त्यांना टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं. रबरी हातोडी गुडघ्याखाली जेमतेम टेकवली, तर पाय असा उसळला की चप्पल उडून थेट माझ्या मांडीवर. मला हसूच फुटलं. आबांची छाती फुगली.

"बघा डॉक्टर, तालमीतला पाय हाय! दुसऱ्यावर मारा, त्येबी दावतो."

दुसराही तसाच उसळला. आबा माझ्याकडे बघून मिशीत हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी किल्लीच्या टोकाने तळव्यावर रेघ ओढली. पायाचा अंगठा हळूहळू वर उठला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

"काका, हा अंगठा खाली वळायला पाहिजे होता," ते म्हणाले. "मेंदूचा पायावर कायम लगाम असतो. तुमच्या मानेत मज्जारज्जू दाबला गेलाय असं दिसतंय, म्हणून तो लगाम सुटलाय. पाय एवढा उडतोय ती ताकद नव्हे. दुखणं गुडघ्याचं नाहीच, मानेचं आहे."

आबांचं तोंड एवढंसं झालं. "मंजी, पाय जाणार का माझं?"

"उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. आत्ता आशा आहे."

मान तालमीत चोळून घेतल्याचं मी सांगितलं, तर मानेला आता कुणी हात लावायचा नाही, हे त्यांनी मला असं दरडावून सांगितलं, जणू तालीम मीच चालवते.  मला दुसरीच काळजी लागली होती. मांडी घालून बसल्यावर कधी कुणाचा हात धरून न उठलेला हा माणूस अंथरुणाला खिळला तर घरात त्याला सांभाळणार कोण, आणि तो सांभाळू तरी देईल का?

तपासणीत मानेचंच निघालं. ऑपरेशन झालं. गळ्यात पट्टा अडकवून आबा आधी भिंतीला धरून चालले, मग आईला धरून, मग आम्हा दोघींवरही ओरडत एकटेच.

फेरतपासणीला त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाय उडू नये म्हणून. डॉक्टरांनी हातोडी मारली. पाय उडाला, पण बेताने. चप्पल अंगठ्यावर झुलली आणि तिथेच राहिली.

"एवढंच? दम गेला की वो सगळा," आबा खट्टू होऊन म्हणाले.

डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "थोडं उसळणं राहील, काका. पण मानेतला दाब गेलाय. आता निवांत चाला."

मला हायसं वाटलं. आबा कठड्याला हात न लावता जिना उतरले, रस्त्याच्या गर्दीत शिरले. मी सवयीने मागे, नजर खाली ठेवून.

बऱ्याच अंतरावर ते थांबले. "मगाधरनं खाली काय हुडकतीस गं?"

"कायबी न्हाय," मी म्हटलं आणि डोळे पुसले. दोन्ही चपला त्यांच्या पायातच होत्या.