टाच उचलतेय का?

माणसाकडे पायापासून बघायला सुरुवात करून घोट्याशीच थांबणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे एडिनबराचे काका, माझ्या बायकोच्या, नीलिमाच्या, मावशीचे यजमान. नाव आणि चेहरा या दोन गोष्टी त्यांच्या लक्षात राहत नसत. "अहो काका, तो उंच, चष्मेवाला, मागच्या वर्षी पेटी वाजवत होता तो," असं कितीही घसा फोडून सांगा, काका कोरेच. शेवटी मावशी म्हणायची, "अहो, चवडा रुंद, टाच निमुळती आणि डावं पाऊल आत टाकतो, तो." की लगेच काका उजळायचे. "हां, तो होय! मग आधीच नीट सांगायचं ना!" लंडनला गणपतीच्या कार्यक्रमाला आले की आत आरती चाललेली असायची आणि काका बाहेर हॉलच्या दारात, चपलाबुटांच्या ढिगात, एकेक जोड उलटा करून तळ तपासत असायचे. एकदा एका बाईंनी आपली सँडल त्यांनी डोळ्यांजवळ धरलेली पाहिली आणि थेट सेक्रेटरींकडे तक्रार नेली. काका शांतपणे म्हणाले, "बाई, उजवीकडून झिजवताय तुम्ही. गुडघा दुखत असेल." गुडघा खरोखरच दुखत होता, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

माझी त्यांची पहिली गाठ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. लग्न नुकतंच झालेलं, मी लंडनजवळच्या स्लाऊच्या एका गोदामाच्या ऑफिसात चिकटलेलो, आणि नीलिमाचे या देशात असलेले तेवढेच नातेवाईक म्हणून आम्ही दिवसभर लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसून एडिनबराला गेलेलो. जावयाचे पाय धुण्याची पद्धत आपल्यात आहे. मापण्याची नाही. काकांनी मला कोट काढायच्या आधी मोजे काढायला लावले, वर्तमानपत्राच्या पानावर उभं केलं आणि पेन्सिलीने माझ्या दोन्ही पावलांभोवती रेघ मारली. पगार, शिक्षण, गाव, काही म्हणजे काही विचारलं नाही. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, मुलगा चांगला आहे! कमान जरा बसकी आहे, पण चालेल!" मावशी चहा घेऊन आली ती हसतच. "मनावर घेऊ नका हं," ती म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा हे माझ्याही पायांकडेच बघत होते. आमच्याकडचे सगळे म्हणाले, किती लाजाळू मुलगा!" मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते हसणं कानात आहे आणि आठवलं की अजून बेचैन व्हायला होतं.

काकांच्या या वेडाच्या मुळाशी मावशीच होती. साताऱ्याची ही बाई एडिनबराच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागली, आणि चाळिशी जवळ आलेली असताना तिथल्या मैत्रिणींबरोबर एकदा स्कीइंगला जाऊन आली ती बर्फाच्या प्रेमात पडूनच. मला स्वतःला बर्फ फ्रीजरमध्ये असलेला बरा वाटतो. काकांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. त्यांनी जन्मात स्कीवर पाय ठेवला नाही. पण हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी ते मावशीला गाडीने उत्तरेच्या डोंगरात घेऊन जायचे आणि स्वतः पायथ्याच्या टी-रूममध्ये ऑफिसचा टाय लावून बसायचे. सुरुवातीला मावशी खाली आली की बूट काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बोटं बधिर, घोटा सोललेला, आणि टाच मात्र आत वरखाली होणारी. "होईल सवय," असं दुकानात सांगितलं होतं. काका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासायचे. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच सुरुवात करायची हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्यांनी बूट घरी आणून उकलला, आणि तिथे त्यांना लायनर सापडला.

हे लायनर प्रकरण त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं टणक कवच आणि त्याच्या आत एक जाड, मऊ बूट. हा आतला तो लायनर. पाय धरून ठेवतो तो लायनर, कवच नव्हे. "कंपनी लायनर करते सरासरी पायाचा," काका म्हणायचे, "आणि सरासरी पाय मी अजून एकाही माणसाला पाहिलेला नाही." म्हणून कंपनीचा लायनर काढून टाकायचा आणि आपल्या पायाला घडवता येईल असा वेगळा आणून बसवायचा. तो जमला की नाही याची परीक्षा एकच: गुडघा पुढे वाकवला की आत टाच उचलते का? उचलली तर तुम्ही वळता एकीकडे आणि स्की जाते भलतीकडे. हळूहळू टी-रूममधलं काकांचं टेबल म्हणजे दवाखानाच झाला. पिशवीत फेल्टचे आणि कॉर्कचे तुकडे, कात्री, गोंद, मावशीचा हेअर ड्रायर. समोर अनोळखी स्कॉटिश माणसं मोजे काढून रांगेत. आपल्या लोकांवर मात्र त्यांचा विशेष राग. आपली माणसं बूट घेणार दोन नंबर मोठा आणि थंडी वाजू नये म्हणून आईने विणलेले लोकरीचे मोजे एकावर एक चढवून आत कोंबणार. ग्लासगोहून आलेल्या एका मराठी डॉक्टरांना काकांनी भर टी-रूममध्ये झापलं, "अहो, पन्नाशी आली! आता कसले पाय वाढतायत तुमचे? वन थिन सॉक! बाकीचे आईला परत पाठवा!" डॉक्टरांनी मुकाट्याने जास्तीचे मोजे काढून खिशात घातले, आणि पुढच्या खेपेला काकांसाठी बर्फी घेऊन आले.

त्या काळात घडवायचे लायनर फोमचे असत. दोन बाटल्यांतली रसायनं एकत्र करून नळीने लायनरमध्ये सोडायची. तो फेस पायाभोवती फुगतो आणि पायाचा आकार घेऊन घट्ट होतो. तोवर बूट घालून, गुडघे वाकवून, जागचं हलायचं नाही. काकांनी हा प्रयोग मावशीवर स्वयंपाकघरात केला आणि दिवस निवडला तिच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. निवडला असं तरी कसं म्हणू? मावशी सकाळपासून सांगत होती, पण ती पायांविषयी बोलत नव्हती, त्यामुळे त्यांना ऐकूच आलं नव्हतं. फोम चढायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. ज्या घरात बूट काढल्याशिवाय बॉयलर दुरुस्त करणाऱ्यालाही आत घेत नसत, त्या घरात, देवाच्या फळीशेजारी, काळी चंद्रकळा नेसलेली मावशी लाल प्लास्टिकच्या बुटांत गुडघे वाकवून उभी, आणि एडिनबरातल्या झाडून साऱ्या मराठी बायका एकेक करून स्वयंपाकघरात येऊन तिच्याकडून हळदीकुंकू लावून घेतायत. "तिळगूळ घ्या, गोड बोला," मावशी म्हणत होती आणि काका खाली बसून ओरडत होते, "बोलू नकोस! टाच दाब! टाच!" फेस बुटातून ओसंडून लादीवर आला. रथसप्तमीचं दूधच उतू गेलं असं वाटून कुणाच्या तरी सासूबाईंनी त्याला नमस्कारही केला. तो लायनर पुढे कित्येक वर्षं टिकला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मावशीला कॅन्सर झाला. पोटाचा. हसतखेळत सांगता सांगता हे असं मध्येच लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. आम्हालाही ते तसंच मध्येच कळलं होतं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि ऑक्टोबरात मावशीने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली: या सीझनला एकदा वर जाता येईल का? डॉक्टर म्हणाले, बघू. काकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. एकदा वर जायचं आणि एक उतार उतरून यायचं, याखेरीज त्या हिवाळ्यात त्या घरात दुसरा विषय नव्हता. जुना लायनर मावशीला आता ढगळ झाला होता. तोवर नवीन तऱ्हेचे लायनर निघाले होते, ओव्हनमध्ये गरम करून पायावर घडवायचे. काकांनी ते आणले, घडवले. मावशी बूट घालून उभी राहिली, गुडघा वाकवला. "टाच उचलतेय का?" "नाही." काका खूश. काही आठवड्यांनी पुन्हा घालून पाहिला, तर मावशी म्हणाली, "उचलतेय हो."

लायनर दबून सैल होतो हे खरंच आहे. पण त्यासाठी तो सीझनभर बर्फात वापरावा लागतो, आणि मावशीचा बूट स्वयंपाकघराबाहेर गेलाच नव्हता. काकांनी निकाल दिला की लायनर खराब. दुकानात जाऊन ते भांडले. दुकानदाराने दुसरा जोड दिला. तो घडवला, आणि महिन्याभरात तोही सैल. पुन्हा दुकान, पुन्हा भांडण. मला फोनवर सांगायचे, "जावईबापू, क्वालिटी राहिलीच नाही हो! नुसती हवा भरतात फोममध्ये. पण मी सोडतोय का? घेतला बदलून!" दुकानदार मावशीला वर्षानुवर्षं ओळखत होता आणि त्या दिवसांत तिला त्याने रस्त्यात पाहिलंही होतं. तो काकांचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा आणि एका शब्दाने वाद न घालता नवा जोड पुढे ठेवायचा. नीलिमा फोन ठेवून रडायची. मला काकांची चीड यायची. मावशीच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या होत्या आणि हा माणूस फोमला शिव्या घालत होता. जगाच्या चपला उलट्या करून गुडघे ओळखणाऱ्याला स्वतःच्या बायकोचं पाऊल दिसू नये?

जानेवारी संपता संपता आम्ही एडिनबराला गेलो. मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, शाल लपेटून. काका जमिनीवर गुडघे टेकून ओव्हनमधला गरम लायनर कवचात बसवून तिच्या पायात चढवत होते. बकल अगदी शेवटच्या खाचेपर्यंत गेलं.

"टाच?" काकांनी विचारलं.

मावशीने पाय आतल्या आत हलवून पाहिला. "उचलतेय."

"बघा!" काका माझ्याकडे वळले. "हाही बोगस! उद्या सकाळी जातो आणि त्याला..."

"अहो," मावशी म्हणाली. इतकी हळू, की काका थांबले. "लायनर चांगला आहे. पाय वाळलाय माझा."

काकांनी बकल सोडवलं आणि पुन्हा लावलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "ऑक्टोबरपासून माहीत आहे. दर वेळी हातात घेतो की मी." मग बुटाकडेच बघत म्हणाले, "पायाचं मला काही करता येत नाही गं. लायनरचं येतं."

मावशीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यासमोर तिने त्यांना कधी असा हात लावल्याचं मला आठवत नाही. मग तिने दुसरा पाय पुढे केला. "मग हाही करून टाका," ती म्हणाली, "दुसरा लायनर गार व्हायच्या आत." मी आणि नीलिमा बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. आतून बराच वेळ फक्त बकलांचा आवाज येत होता.

मावशी मार्चमध्ये गेली. पण त्याआधी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आम्ही सगळे तिला घेऊन वर गेलो होतो. पायथ्याशी पोचलो तर वारा असा सुटलेला, की स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या सगळ्या लिफ्ट बंद. तिथल्या डोंगरात हे नेहमीचंच. लोक चरफडत गाड्या वळवत होते. काका तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन लिफ्टवाल्याशी बोलायला लागले, "माय वाइफ... यू सी, माय वाइफ..." आणि पुढचं त्यांना बोलता येईना. तो बिचारा सॉरी म्हणत राहिला. काका परत आले तेव्हा मावशीनेच त्यांची समजूत घातली. "राहू द्या हो. इतके घडवलेत, बूट तर घालून द्या."

काकांनी गाडीच्या उघड्या दाराशी बसून तिला बूट घातले. खालचं बकल, वरचं, पुन्हा खालचं. मावशी नीलिमाचा हात धरून उभी राहिली, मग तिने हात सोडला. कार पार्कच्या कडेला बर्फ साठला होता, त्यातून ती एकेक पाऊल टाकत कुंपणापर्यंत गेली. कुंपणापलीकडे तो उतार, पांढराशुभ्र, वर एकही माणूस नाही. तिथे उभं राहून तिने गुडघे वाकवले. काका ऑफिसच्या बुटांनी त्या बर्फात तिच्या मागे उभे होते.

"टाच उचलतेय का?" वाऱ्यामुळे त्यांना ओरडून विचारावं लागलं.

"नाही!" मावशीही ओरडली. "अजिबात नाही!"

बुटाच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. जानेवारीपासून ती आणखी वाळली होती, एवढं मला दिसत होतं. ती खरं बोलली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांनी पुन्हा विचारलं नाही. ते पुढे गेले आणि जिकडून वारा येत होता त्या बाजूला, तिला लागून उभे राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी म्हटलं, "चल, गार लागेल तुला."

"थांबा हो थोडं," मावशी त्या उताराकडे बघत म्हणाली. "पायांना अगदी बरं वाटतंय."

काका थांबले. आम्हीही गाडीपाशी थांबलो.